बाप्तिस्म्यानंतर

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. तेव्हा त्या पंचविशीत होत्या. पती जाऊन दीडेक वर्ष झाले होते आणि पदरी लहानगी मनोरमा होती. पुढे अमेरिकेचा प्रवास झाला, १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले, पुण्यात सनातन्यांशी आणि सुधारकांशीही खटके उडू लागले. एवढे सगळे होऊन गेल्यावर, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या ध्यानात आले की ख्रिस्ती धर्म आपण पत्करला, त्यातले सिद्धान्त बुद्धीला पटवून घेतले, पण ज्याच्या नावाने हा धर्म चालतो त्या ख्रिस्ताची आणि आपली गाठ अजून पडलेलीच नाही. १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्यांनी ही गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली आहे. जिच्या धर्मांतराने महाराष्ट्र ढवळून निघाला, तिची श्रद्धा तिच्याच हिशेबाने आठ वर्षे वरवरची होती. बहुतेक ख्रिस्ती माणसांच्या आयुष्यात अशी वर्षे असतात. कुणाची दोन असतात, कुणाची चाळीस, आणि कित्येकांची मरेपर्यंत सरत नाहीत. प्रस्तुत पुस्तक त्या वर्षांविषयी आहे, आणि ते नांदेड व लातूर जिल्ह्यांतल्या मंडळ्यांसाठी लिहिलेले आहे. ही दोन जिल्ह्यांची मर्यादा मुद्दाम घातली आहे, कारण श्रद्धा वाढवण्याचा प्रश्न वसईत वेगळा असतो, अहमदनगरला वेगळा आणि उदगीर-देगलूरला फारच वेगळा.

वसईत चारशे वर्षांचा ख्रिस्ती समाज आहे. गावाचे सण, लग्नाची गाणी, शेजारपाजार, सारेच श्रद्धेला टेकू देतात. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आले. तिथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या शाळा, छापखाने, ‘ज्ञानोदय’सारखे १८४२ पासूनचे नियतकालिक, अशी शिदोरी आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि इथले काम उशिरा व तुटक तुटक झाले. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे नवख्रिस्ती कुटुंबांचे गाव वसवले, तो त्यातला सर्वात धाडसी प्रयोग. पण तो जालन्याकडचा. पूर्वेकडे बीदरचे मेथडिस्ट आणि मेदकचे वेस्लियन मिशन यांची छाया सीमेवरच्या गावांवर पडली, म्हणून नांदेडच्या तेलंगण सीमेवर तेलुगू गीते कानावर येतात आणि उदगीरच्या बाजूला कन्नड. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत स्वतंत्र झाला तो थेट १९७७ मध्ये. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या साडेतेहतीस लाखांवर आणि लातूरची साडेचोवीस लाखांच्या आसपास होती; त्यांत ख्रिस्ती माणसे शेकडा एकाच्याही पुष्कळ खाली. रेल्वेतली नोकरी, दवाखान्यातली परिचारिका, शाळेतला शिक्षक, वस्तीवरचे मजूर कुटुंब असे चारी दिशांचे लोक रविवारी एका छपराखाली येतात आणि दुपारी आपापल्या गल्लीत पांगतात. त्या गल्लीत दुसरे ख्रिस्ती घर बहुधा नसते. नाताळचा तारा लावला तर तो अख्ख्या गल्लीत एकटाच. माझे म्हणणे असे की इथे श्रद्धेला समाजाचा आधार पुरेसा नाही, म्हणून ती दोनच तऱ्हांनी राहू शकते: एक तर माणसाच्या आत खोलवर जाईल, नाहीतर आडनावापुरती उरेल. मधली स्थिती, जी मोठ्या ख्रिस्ती वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या आरामात चालते, ती इथे फार दिवस टिकत नाही.

आडनावापुरती तरी उरेल असे म्हणताना एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. इथल्या मंडळ्यांतली बरीच कुटुंबे महार आणि मातंग समाजांतून आलेली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले, ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, तोही याच गुंत्याचा अभ्यास करण्यासाठी. तोवर व्यवहार असा आहे की धर्म बदलल्याची नोंद केली की पोराच्या शिष्यवृत्तीवर, वसतिगृहातल्या जागेवर, नोकरीच्या अर्जावर त्याचा परिणाम होतो. मग कागदावर एक आणि घरात एक असे जगणे येते. शहरातल्या, पोट भरलेल्या ख्रिस्ती माणसाला हा दुटप्पीपणा वाटतो आणि तो तसे बोलूनही दाखवतो. मला हा न्याय फार स्वस्त वाटतो. गावकुसाबाहेरच्या माणसाने जातीचा जाच सोसायचा, जात त्याला चर्चच्या दारातही सोडत नाही, आणि कायद्याने मात्र म्हणायचे की तू आता त्या जातीचा नाहीस; अशा वेळी कागदावरच्या शब्दावरून त्याची श्रद्धा मोजणे हे तलाठ्याचे काम झाले, पाळकाचे नव्हे.

तरीही या अडचणीने प्रश्न सुटत नाही, उलट तो टोकदार होतो. कागद साक्ष देत नसेल तर साक्ष कोण देणार? योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम तीन वेळा येतो आणि हे तीन प्रसंग एकत्र वाचले पाहिजेत. तिसऱ्या अध्यायात तो रात्रीच्या अंधारात येतो, प्रतिष्ठित आहे, लोक काय म्हणतील याची धास्ती आहे. सातव्या अध्यायात सभेत तो येशूच्या बाजूने एक जपून, नियमाच्या भाषेतला मुद्दा मांडतो आणि चिडवल्यावर गप्प बसतो. एकोणिसाव्या अध्यायात, शिष्य पांगलेले असताना, तो शंभर मापे सुगंधी द्रव्य घेऊन उघडपणे दफनाला येतो. या तीन टप्प्यांच्या मधे काय झाले ते योहान सांगत नाही. नवा जन्म घ्यावा लागेल हे त्याने पहिल्याच रात्री ऐकले होते. ते त्याच्या अंगी लागायला काळ जावा लागला. रात्री येणाऱ्याला येशूने परत पाठवले नाही, आणि त्याला रात्रीपुरतेच राहू दिले असेही नाही. कागदाच्या कोंडीत सापडलेल्या कुटुंबांविषयी मंडळीने हीच भूमिका घ्यावी असे मला वाटते: उतावीळपणा करू नये, पण वाढीची अपेक्षा सोडू नये.

आता वाढ होते कशी, याकडे. आपल्याकडे एक समज रूढ आहे की विचारणारा माणूस श्रद्धेत कच्चा आणि मान डोलावणारा पक्का. संडेस्कूलपासून आपण तेच शिकवतो. मराठी ख्रिस्ती इतिहासातला पुरावा याच्या नेमका उलट आहे. रमाबाईंचा इंग्लंडमधल्या आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. ती पत्रे शांतपणे वाचावीत. बाप्तिस्मा देणाऱ्यांनाच ही बाई उलट प्रश्न करते आहे: त्रैक्याचा सिद्धान्त मी का मानायचा, चमत्कारांचे काय, बिशपचा शब्द शेवटचा कशावरून? क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत हेही तिला मान्य नाही. माझ्या देशाला लॅटिन परके, मग संस्कृत का नको, असे ती विचारते. सिस्टर जेराल्डिनना हा गर्व वाटला. आज मागे वळून पाहताना दिसते ते असे की ज्या प्रश्नांमुळे तिची श्रद्धा पातळ होईल अशी भीती होती, त्यांनीच ती उसनी राहू दिली नाही. दुसऱ्याच्या शब्दांवर समाधान मानणारी बाई १८९१ मध्ये आपल्या रितेपणाची कबुली देऊच शकली नसती. तिला ते रितेपण कळेपर्यंत तिची सगळी विचारपूस चाललेली होती.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट याहून घरगुती आणि म्हणून आपल्याला जास्त जवळची. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यापाठोपाठ बायको, हा आपल्या समाजाचा सरधोपट हिशेब; लक्ष्मीबाईंनी तो पाळला नाही. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही सोवळेओवळे सांभाळत राहिल्या, आणि पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या पायांनी पुढे आल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की त्यांच्यात आधी जातीची भिंत पडली आणि मग विश्वासाला वाट मिळाली. टिळकांसारखा कवी घरात असताना त्यांनी उसनी कविता घेतली नाही तशी उसनी श्रद्धाही घेतली नाही. आमच्या मंडळ्यांत आजही घरच्या कर्त्या पुरुषाने निर्णय घेतला की सबंध कुटुंबाचे नाव वहीत चढते. त्यात वाईट काही नाही. प्रेषितांच्या कृत्यांत तुरुंगाधिकाऱ्याच्या घराचा बाप्तिस्मा एका रात्रीत झालेला आहे. पण त्या घरातल्या सुनेला, सासूला, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आपापली पाच वर्षे मिळाली पाहिजेत, आणि ती मिळतात की नाही हे पाळकसाहेबांनी भेटीला गेल्यावर पाहिले पाहिजे. चहा, प्रार्थना आणि निघणे एवढ्यावर भेट आटोपली तर ते कळायचे नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो मंडळीतले जाणते लोकच घेतात. श्रद्धा हे देवाचे दान आहे, ती कृपेने मिळते. मग वाढवण्याचे हे उपाय, ही शिस्त, ही साधना म्हणजे कर्मकांडच मागच्या दाराने आत घेणे नाही का? आक्षेपात जोर आहे. कृपेने तारण हा सुधारणावादी चर्चचा कणा आहे आणि तो वाकवून कुठलाही अभ्यासक्रम उभा करू नये. पण फिलिप्पैकरांना लिहिताना पौल एकाच दमात दोन गोष्टी सांगतो: आपले तारण भीत आणि कापत पूर्णतेस न्या, आणि तुमच्यात कार्य करणारा देवच आहे. त्याला त्यात विसंगती दिसत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो लोईस आजीच्या आणि युनीके आईच्या विश्वासाची आठवण काढतो, आणि लगेच त्या तरुणाला सांगतो की मिळालेले दान चेतवत राहा. दान मिळाले ते मिळालेच. चेतवणे हे मात्र घेणाऱ्याचे काम. घराण्यातून आलेली श्रद्धा आणि स्वतःची श्रद्धा यांत पौलाने भांडण लावलेले नाही, हेही त्या पत्रातून घ्यावे. आजीने शिकवलेली प्रार्थना ही खोट नसते. तिच्यावर काही न करणे ही खोट.

लातूरचे नाव शिक्षणात गाजले ते ‘लातूर पॅटर्न’मुळे, आणि ख्रिस्ती लेखनात त्याचा उल्लेख आला की तो चिमटा काढण्यासाठीच येतो: वचने पाठ, अर्थ शून्य, देवाच्या परीक्षेत नापास वगैरे. मला तो पॅटर्न इतका टाकाऊ वाटत नाही. त्याच्यावर टीका करण्याजोगे पुष्कळ आहे, पण त्यातली एक गोष्ट खरी आहे: साधारण घरचे पोर पहाटे उठून तेच प्रकरण पुन्हा पुन्हा सोडवते, चुका तपासते, पुन्हा सोडवते, आणि दोन वर्षांत जिथे त्याचे वडील पोचले नव्हते तिथे पोचते. तेच पोर शास्त्रपाठासाठी पाच मिनिटे द्यायला कुरकुरते आणि मग श्रद्धा वाढत नाही म्हणून खंत करते. पुनरावृत्तीने श्रद्धा मरते हा आधुनिक समज आहे. स्तोत्रसंहिता हे पुस्तकच पुन्हा पुन्हा म्हणण्यासाठी आहे. कॅथलिकांची जपमाळ, प्रोटेस्टंटांची कौटुंबिक उपासना, ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली वर्षानुवर्षे त्याच चालीत म्हटली जाणारी टिळकांची गीते, या सगळ्यांचे बळ पुनरावृत्तीतच आहे. नांदेडच्या ख्रिस्ती माणसाला हे समजून घ्यायला लांब जायला नको. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांनी याच नगरीत गुरुपद ग्रंथाकडे सोपवले, असे शीख परंपरा मानते. तेव्हापासून हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात दिवस ग्रंथवाचनाने सुरू होतो आणि ग्रंथवाचनानेच मावळतो. त्या ग्रंथात आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीच्या नामदेवांची ६१ पदे आहेत. शेजारी इतक्या निष्ठेने आपला ग्रंथ ऐकत असताना आपले बायबल रविवारच्या पिशवीत आठवडाभर पडून राहते, याची थोडी लाज वाटली तरी ती उपयोगी पडेल.

नामदेवांचे नाव निघाले म्हणून मराठवाड्यातली ती प्रसिद्ध कथा. संतमेळ्यात गोरोबाकाका थापटणे घेऊन एकेकाचे डोके थापटून पाहतात, कोणते मडके भाजले आणि कोणते कच्चे. आणि कच्चे निघतात ते नामदेव, ज्यांच्याशी विठ्ठल बोलतो अशी ख्याती होती ते. नामदेव रुसतात, आणि शेवटी औंढ्याला विसोबा खेचरांकडे जाऊन शिष्यत्व पत्करतात. गोरोबा तेरचे, औंढा हिंगोलीत. सगळी कथा आपल्याच मुलखातली. ती ख्रिस्ती पुस्तकात कशाला, असे काही वाचक म्हणतील. मंडळीत हिंदू संतांचे दाखले नकोत, त्याने विश्वासात भेसळ होते, ही तक्रार जुनी आहे आणि ती करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. ज्याने एक वाट सोडताना किंमत मोजली आहे, त्याला ती वाट पुन्हा दाखवली की दुखणारच, विशेषतः त्या वाटेवर त्याला देवळाच्या पायरीशी उभे केले गेले असेल तर. चोखामेळा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. म्हणून हा दाखला मी सिद्धान्तासाठी घेत नाही, मानवी स्वभावाविषयी घेतो: ज्याची भक्ती गावभर मान्य आहे त्यालाच आपल्या कच्चेपणाचा पत्ता सर्वात शेवटी लागतो. टिळक याहून पुढे गेले होते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, आणि त्यांच्या ‘अभंगांजली’त तो पूल दिसतो. सगळ्यांनी त्याच पुलावरून यावे असे नाही. पण मराठी माणसाचे मन ज्या शब्दांत रडते त्या शब्दांत त्याने प्रार्थना करू नये, हा आग्रह कुणी धरू नये. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले, २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, म्हणजे गोरोबांच्याच जिल्ह्यात, ते ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एका धर्मगुरूच्या निवडीला विरोध झाला, संमेलन झालेच. ज्यांना मराठी आणि ख्रिस्ती हे दोन शब्द एकत्र बसत नाहीत असे वाटते, त्यांना याहून वेगळे उत्तर द्यायची गरज नाही.

सर्वात अवघड आक्षेप पुस्तकातून येत नाही, तो दुःखातून येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि सास्तूरच्या पट्ट्यात जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेले लोक गाढ झोपेत होते. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीने लिंपलेले जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरे अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसे गेली. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली. अशा वेळी हा कोप कुणाच्या पापाचा, ही कुजबुज प्रत्येक धर्मात सुरू होते. ख्रिस्ती व्यासपीठेही तिला अपवाद नाहीत. लूकच्या तेराव्या अध्यायात येशूसमोर हाच प्रश्न वेगळ्या नावाने आलेला आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठराजण मेले होते. ते यरुशलेमातल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होते का, असे येशूच विचारतो आणि स्वतःच साफ नाही म्हणतो. मेलेल्यांचा हिशेब तो मांडू देत नाही. जिवंत असलेल्यांना मात्र स्वतःकडे बघायला लावतो. भूकंप का झाला याचे उत्तर भूगर्भशास्त्राकडे आहे, आणि इतकी माणसे का मेली याचे उत्तर त्या माळवदांत आहे. श्रद्धेचे काम या दोहोंच्या जागी तिसरे कारण बसवण्याचे नाही. ज्याचे लेकरू ढिगाऱ्याखाली गेले त्याच्या शेजारी गप्प बसता येणे, आणि त्यानंतरही प्रार्थना सोडावीशी न वाटणे, हे तिचे काम. हे एका रात्रीत जमत नाही. संकट आल्यावर श्रद्धा खोल करायला वेळ नसतो. जी असेल तिच्यावरच ती रात्र काढावी लागते.

म्हणूनच मला अलीकडच्या मोठ्या प्रार्थनासभांविषयी थोडे सावध लिहावे लागते. बरे होण्याच्या आशेने लोक येतात, तेल लावून घेतात, रडतात, साक्षी देतात, मंडळी वाढते. जे बरे झाले म्हणतात त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, आणि दवाखाना परवडत नाही म्हणून प्रार्थनेला आलेल्या माणसाची टर उडवणाऱ्याला काय म्हणावे हे मला कळत नाही. पण मागितले आणि मिळाले यावर उभी राहिलेली श्रद्धा, मागितले आणि मिळाले नाही, अशी पहिली वेळ आली की कुठे जाते? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मांजरा धरण आटले होते. पावसासाठी सगळ्या धर्मांच्या लोकांनी देवाला साकडे घातले होते, आणि आले ते पाणी टाकीच्या डब्यांतून, कृष्णेच्या खोऱ्यातून, रेल्वेच्या वेळापत्रकाप्रमाणे. प्रार्थना फुकट गेली का? ज्याला देव म्हणजे फक्त ढग आणणारा वाटतो त्याला तसे वाटेल. उत्साहाच्या बाजूने रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या १९०५ च्या पुनरुज्जीवनाचा दाखला देतात. केडगावला त्या वर्षी जे घडले त्याची ख्याती जगभर गेली, हे खरे. पण त्याआधी रमाबाई महिनोन्‌महिने मुलींना रोज प्रार्थनेला जमवत होत्या, आणि त्या लाटेनंतर मुक्तीतला दिवस तसाच चालू राहिला: शेत, स्वयंपाक, विणकाम, छापखाना. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम वर्षानुवर्षे चालवले. मुलींनी ते खिळे जुळवून छापले. मनोरमा १९२१ मध्ये गेली. काम थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या तेव्हा त्या भाषांतराचे त्यांचे काम पुरे होत आले होते. १९०५ चा जल्लोष लक्षात ठेवावा, पण मला त्याहून मोठा पुरावा १९२१ चा वाटतो.

शेवटचा आक्षेप सामाजिक कार्यकर्त्यांचा. दफनभूमीला जागा नाही, आरक्षणाचा प्रश्न लोंबकळतो आहे, मुले नोकरीसाठी पुण्या-हैदराबादला जातात, आणि तुम्ही अंतर्मुख व्हायला सांगता. वैयक्तिक श्रद्धा ही पोट भरलेल्यांची चैन आहे. वैयक्तिक म्हणजे खासगी असा अर्थ घेतला तर हा आरोप बरोबर ठरेल. पण वर ज्यांची नावे आली त्यांच्यातले कोणीच खोलवर जाऊन घरात बसलेले नाही. दुष्काळात रमाबाई बाहेर पडल्या आणि शेकडो मुली घेऊन परतल्या. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही बसू शकत होते. संस्थेची चौकट त्यांना अपुरी वाटली ती श्रद्धा वाढल्यामुळे, घटल्यामुळे नव्हे. उलट बाजूने पाहिले तरी तेच दिसते. खेड्यातल्या मंडळीत कापणीचा सण होतो: कोणी ज्वारीची पायली आणते, कोणी तुरीची ओंजळ, कोणी पाय बांधलेली कोंबडी, आणि उपासनेनंतर त्या साऱ्याचा लिलाव होतो. दहा रुपयांची वांगी शंभराला जातात आणि सगळे हसतात. त्या लिलावात विधवेची पेंढी वर चढवून घेणारा माणूस एकट्याने खोलीत बसून तयार झालेला नसतो, आणि खोलीत कधीच न बसलेलाही नसतो. दफनभूमीसाठी तहसीलला पंधरा खेटे घालायला लागणारा धीर कुठून तरी यावा लागतो. तो पंचकमिटीच्या ठरावातून येताना मी पाहिलेला नाही.

पुढच्या प्रकरणांचा क्रम यातूनच ठरला आहे. आधी वाचन, मग प्रार्थना, मग शंका, मग गीत, आणि मग मंडळी, दान व काम. शंकेचे प्रकरण प्रार्थनेनंतर ठेवले आहे, कारण मार्कच्या नवव्या अध्यायात त्या आजारी मुलाचा बाप आपला अविश्वास येशूच्या पुढ्यातच मांडतो, बाहेर अंगणात नव्हे. जिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट रीत वेगळी आहे तिथे दोन्ही दिल्या आहेत. औसा किंवा मुखेडसारख्या गावात चार ख्रिस्ती घरे असतील तर ती एकाच पंथाची असतील असे धरून चालता येत नाही. ईश्वरविज्ञानाचे वाद शक्यतो टाळले आहेत, कृपा आणि प्रयत्न यांचा वगळता, कारण तो टाळता येत नाही. ज्याला एवढी लांब प्रस्तावना वाचायचा कंटाळा आला असेल त्याने पुस्तक बाजूला ठेवून मार्कचे शुभवर्तमान काढावे. सगळ्यांत आखूड आहे, सोळाच अध्याय. रोज रात्री जेवणानंतर एक, मोठ्याने, घरात जे कोणी असतील त्यांच्यासमोर, ऐकणारे ख्रिस्ती असोत की नसोत. चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याचा दाखला आला की तिथे थोडे थांबावे आणि आपल्या मंडळीतली खडकाळ जमीन कोणती हे शोधण्याचा मोह आवरावा. सोळावा अध्याय संपला की हे पुस्तक पुन्हा उघडावे. पहिल्या प्रकरणातले प्रश्न त्या वाचनावरच आहेत.